हाताने धरला – हुसेनमियाँ

बिस्मिल्ला करून लिहून ठेवतो की, मी नसरुद्दीन अहमद खलफे, वय वर्षे साठ, मूळ राहणार मौजे वेसवी, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी, हल्ली मुक्काम अल मलाझ, रियाध, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही, धमकावलेले नाही. उलट मुलाने दोनदा अडवले. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. वीणा ओगले यांनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. बाकीचे शरीर ठिकाणावर नाही, तेही त्यांनीच सांगितले आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, कारण यापूर्वी मला खरे लिहायचे नव्हते.

माझा मुलगा उमैर रियाधलाच जन्मला, इथल्या इंडियन शाळेत शिकला. त्याला मराठी बोललेले कळते, लिहिलेले वाचता येत नाही. म्हणून हे मृत्युपत्र त्याला आमच्या गावचे ताजुद्दीन इस्माईल मुकादम यांनी वाचून दाखवावे. ताजुद्दीनची जेद्दाला शराफियात चाळीस वर्षे अत्तर-टोप्यांची दुकानदारी आहे, आवाज मोठा आहे आणि मधले शब्द गाळायची त्याला सवय आहे. या वेळी गाळू नयेत. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणूनही मी त्यालाच नेमतो. का त्यालाच, ते कलम पाचमध्ये येईल.

कलम १. माझ्या धंद्याविषयी. माझ्या इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, चौतीस वर्षे ‘ड्रायव्हर’ असे लिहिलेले आहे. त्यात अर्धे खरे आहे. इथल्या एका विद्यापीठाच्या प्राणी-संग्रहात मी गाडी चालवायला लागलो आणि वर्षभरात कातडी भरायला शिकलो. उंदीर, वटवाघूळ, ससा, कोल्हा, जे हाती येईल ते सोलायचे, कातडीच्या आतून सोमल, म्हणजे आर्सेनिकचे विष, चोळायचा, कापूस भरायचा, पोटावर टाके घालायचे आणि मागच्या उजव्या पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर जागा, तारीख, नर की मादी, मग चार मापे: शरीर, शेपूट, मागचा पाय, कान. शेवटी धरणाऱ्याचे नाव. आमच्यात नियम असा की चिठ्ठी बांधल्याशिवाय नमुना हातातून खाली ठेवायचा नाही. चिठ्ठी नसलेले कातडे म्हणजे कचरा, मग तो वाघ का असेना. मी चार हजारांहून जास्त चिठ्ठ्या बांधल्या असतील. एकही चुकली नाही याचा मला फार तोरा होता.

सोमल पुढे बंद झाला, पण जुने डबे संपेपर्यंत आम्ही वापरला, आणि मी तो उघड्या हाताने वापरला. हातावरचे चट्टे आणि यकृतातली गाठ त्याचीच असावी, असे डॉक्टरबाई म्हणतात. त्यांच्या मते माझ्याकडे चार महिने आहेत. कोणावर माझा दावा नाही. हातमोजे टेबलावर पडलेले असायचे.

कलम २. वेसवीचे घर, त्याची पडवी, मागचे परस, सात नारळ आणि खाडीकडची काथ्याची खोपी ही माझी एकट्याची मिळकत आहे. वडील तिथे काथ्या वळून दोर करीत. बायको सहा वर्षांपूर्वी गेली. वारस एकटा उमैर. शरियतप्रमाणे मला एक तृतीयांशच माझ्या मर्जीने देता येते, तर ते मी देतो: खोपी, तिच्याखालची जमीन आणि घराची खाडीकडची खोली, जिला स्वतंत्र दार आहे, ही खुर्शीद, हुसेनमियाँ दाऊद तांडेल यांची बायको, राहणार वेसवी, हिला. उरलेले सगळे, बँकेत असेल ते धरून, उमैरला.

लोक याचा वेगळा अर्थ काढतील. वेसवीत असले अर्थ काढायला फार वेळ लागत नाही. म्हणून कारण पुढे लिहिले आहे. ते वाचल्यावर लोकांना वाटेल, वेगळा अर्थ निघाला असता तर बरे झाले असते.

कलम ३. माझी हत्यारे. दोन चाकू, तीन चिमटे, कवटीतून मेंदू काढायचा लांब दांड्याचा चमचा, कात्री, सुयांचा डबा आणि पितळी मोजपट्टी, हे सर्व तुर्की या सौदी गृहस्थाला द्यावे, जो आता माझ्या जागेवर आहे.

निताकात, म्हणजे नोकरीत सौदी माणसे किती यावरून लाल-हिरवा रंग देणारा सरकारी नियम, आली तेव्हा आमच्या खात्यालाही रंग मिळाला आणि रंग सुधारायला परदेशी माणसे कमी करावी लागली. मला सांगण्यात आले की तीन महिन्यांत तुर्कीला शिकवा आणि फायनल एक्झिट घ्या, म्हणजे कायमचे घरी जा. मी मनात म्हटले, शिकवतो बरं. पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे आठ दिवसांचा साळिंदर ठेवला. तो बाहेर जाऊन ओकला, तोंड धुऊन परत आला आणि म्हणाला, “यल्ला, उस्ताद,” म्हणजे चला. तेव्हापासून माझा त्याच्यावरचा राग गेला तो गेलाच. राग नियमावर आहे, आणि तोही थोडाच. आपल्या देशात आपल्या पोरांना आधी काम द्यावे, यात मला वावगे काही सापडत नाही. फक्त चौतीस वर्षांनी हे कळले की मी ‘उस्ताद’ पाहुणा होतो.

सुपूर्द करताना प्रत्येक कातडे नोंदवहीशी ताडून पाहायचा हुकूम होता. त्यात गेल्या हिजरी सफर महिन्यात तुर्कीने एक वाळूतला उंदीर उचलला, चिठ्ठी उलटी केली आणि विचारले, “हे हिंदीत काय लिहिले आहे?” ती मराठी होती. अठरा वर्षांपूर्वीचे माझेच अक्षर. मी म्हटले, काही नाही, जुने आहे. तो म्हणाला, “उस्ताद, तुम्हीच सांगता ना, चिठ्ठीवर ‘काही नाही’ असे काही नसते.” त्या दिवशी मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी त्याला वाचून दाखवले. चिठ्ठीच्या पाठीवर लिहिले आहे: हाताने धरला – हुसेनमियाँ.

हत्यारे त्याला द्यायची ती यासाठी.

कलम ४. माझी पुस्तके उमैरला नको आहेत, ती गावच्या शाळेला द्यावीत. अमेरिकेच्या प्राण्यांवरचा एक जाडजूड ग्रंथ त्यात आहे. तो आमच्या प्रोफेसरांनी दिला. प्रोफेसर युरोपातले, रियाधला पंधरा वर्षे होते, पुढे आपल्या देशात वारले. गाडीत ते सारखे बोलत. रियाधहून उत्तरेचे तबूक म्हणजे दीड दिवसाचा रस्ता. तेवढ्यात एका माणसाचे आयुष्य सांगून होते, आणि त्यांना सांगायला आवडे ते जॉर्ज ऑर्ड नावाच्या माणसाचे.

हा ऑर्ड दोनशे वर्षांपूर्वी फिलाडेल्फियाला राहत होता. घरचा धंदा जहाजांना लागणाऱ्या दोरखंडांचा. अमेरिकेच्या पश्चिमेला तेव्हा गोरे फारसे गेले नव्हते. सरकारने तिकडे एक तुकडी पाठवली. ती दोन-अडीच वर्षे चालत, होड्या ओढत समुद्रापर्यंत जाऊन परत आली आणि येताना कातडी, शिंगे, हाडे आणि वह्या घेऊन आली. त्या माणसांनी अस्वलांच्या पुढे पळून जीव वाचवले होते. पण शास्त्राच्या रीतीने नावे ठेवली ती ऑर्डने, घरी बसून. त्या मोठ्या अस्वलाला त्याने लॅटिनमध्ये ‘भयंकर’ म्हटले, आणि ते अस्वल तर त्याने रानात पाहिलेलेही नव्हते. मैदानातले शिंगवाले हरीण, बिळांची गावे करून राहणारी भुंकणारी खार, चोचीला काळे कडे असलेला कुरव पक्षी, सगळ्यांची नावे त्याच्या खात्यावर. प्रोफेसर म्हणत, “नसीर, जो पाहतो त्याचे काही राहत नाही. जो लिहितो त्याचे राहते.”

मला हा ऑर्ड डोळ्यासमोर नको होई. माझा बापही दोर वळायचा. पण बापाने दुसऱ्याच्या अस्वलावर आपले नाव नव्हते घातले. मी प्रोफेसरांना विचारायचो, कातडे पाठीवर वाहून आणणाऱ्या शिपायाचे नाव काय? त्यांना सांगता यायचे नाही. मग मी मोठ्या तोऱ्यात गाडी हाकायचो.

ऑर्डची दुसरी गोष्ट मला पुढे त्या ग्रंथातच सापडली, आणि ती वाचून मी ग्रंथ कपाटात उलटा ठेवला. ऑर्डचा एक मित्र होता, गरीब विणकर, अमेरिकेतल्या पक्ष्यांची चित्रे काढत गावोगाव पायी हिंडायचा. तो काम अर्धे टाकून मेला. त्याच्या मृत्युपत्राचा एक व्यवस्थापक ऑर्ड. त्याने मित्राचे उरलेले खंड पुरे केले, मित्राच्याच नावाने छापले, त्याचे चरित्र लिहिले, आणि पुढे जन्मभर त्या मेलेल्या माणसाचे नाव खाली पडू नये म्हणून लोकांशी भांडत राहिला. भांडखोर, खडूस माणूस होता म्हणतात. असेल. पण मित्राचे नाव त्याने राखले. मी काय केले ते आता लिहितो.

कलम ५. हुसेनमियाँ माझ्याच वयाचा, माझ्याच आळीतला. लहानपणी आम्ही ओहोटीला खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायचो. चिखलातल्या बिळात खांद्यापर्यंत हात घालायचा. बिळाच्या तोंडावर नखांचे ओरखडे दिसले तर आत चिंबोरी, तोंड गुळगुळीत असेल तर पाणसाप. मला हे कधी जमले नाही, माझी बोटे फुटायची. हुसेनमियाँचा हात बिळात गेला की रिकामा यायचा नाही. तो शराफियात एका खानावळीत आचारी म्हणून आला. कफीलशी, म्हणजे ज्याच्या नावावर परवाना असतो त्या मालकाशी, फाटले, इकामा कफीलकडे अडकला, आणि हा निघाला तो तबूकच्या बाजूला शेतांवर लपून काम करू लागला. कफीलने ‘हुरूब’ लावला, म्हणजे पळून गेला अशी सरकारी नोंद. त्यानंतर माणूस कुठेही सापडला की तुरुंग.

सन १९९५च्या मार्चमध्ये आम्ही तबूकच्या पुढे लाल डोंगरांच्या भागात उंदीर शोधायला गेलो. शेपटीला पांढरे टोक असलेला एक उंदीर प्रोफेसरांनी लांबून पाहिला होता आणि तो अजून कोणी वर्णन केलेला नाही अशी त्यांची खात्री होती. चार दिवस पिंजरे लावले, काही आले नाही. मला हुसेनमियाँची आठवण झाली. शेतावर जाऊन मी त्याला आणला. मीच. प्रोफेसरांना त्याचे नावही ठाऊक नव्हते, ते त्याला ‘तुझा मित्र’ म्हणत.

तारीख १४, मंगळवार. सकाळी सातला हुसेनमियाँने बिळात हात घातला आणि उंदीर मुठीत धरून काढला. जिवंत, एक ओरखडा नाही. हसत म्हणाला, “नसीरभाय, ही तर चिंबोरीपरीस गरीब हाय रे.” उंदीर मारल्यावर मी तिथेच वहीवर टेकवून चिठ्ठी लिहिली. पुढच्या बाजूला धरणाऱ्याच्या जागी माझे नाव घातले, कारण हुरूबवाल्याचे नाव सरकारी नोंदीत घालणे म्हणजे त्याला पकडून देणे. पाठीमागे मराठीत खरे लिहिले, ते कोणी वाचणार नव्हते म्हणून.

प्रोफेसर म्हणाले, नर मिळाला, आता मादी मिळाली तर काम पक्के होईल. दहाच्या सुमारास आणखी एक बीळ दिसले. हुसेनमियाँ वाकून बघत राहिला. म्हणाला, “नसीरभाय, ह्या बिलाचा मना काय कलत नाय. हितं वालू हाय. वालूत ओरखडाच दिसत नाय.”

मी म्हटले, “घाल हात. उंदीरच असणार.”

हे वाक्य ताजुद्दीनने दोनदा वाचावे.

हात रिकामा आला. मनगटावर दोन ठिपके होते. तो म्हणाला, “फुरसा.” आपल्याकडच्या फुरशाचाच तो भाऊबंद, इथे दगडात असतो. कोकणच्या माणसाला सांगावे लागत नाही. मी त्याला गाडीत घातले. तबूक दोन तासांवर. अर्ध्या वाटेत हिरड्यांतून रक्त यायला लागले. गावाच्या अलीकडे प्रोफेसरांनी गाडी थांबवायला लावली. म्हणाले, इस्पितळात इकामा मागतील, हा तुझ्याबरोबर कसा आला ते विचारतील, तू आत जाशील, मी देशाबाहेर जाईन. आम्ही एका बंद गॅरेजच्या सावलीत चाळीस मिनिटे उभे होतो. चाळीस, मी घड्याळ पाहत होतो. हुसेनमियाँ मागच्या सीटवरून म्हणाला, “नसीरभाय, माजा नाव नको सांगू. पकडतील.” जिवंत माणूस पकडले जायच्या भीतीने बोलला ते. मी ते तो मेल्यावरही अठरा वर्षे पाळले.

इस्पितळाच्या दारात त्याला उतरवले तेव्हा तो तिरळे पाहत होता, बोलणे तुटत होते. मला नाव विचारले. मी म्हटले, “ठाऊक नाही. रस्त्यात सापडला.”

मग मी गाडीत येऊन बसलो. उन्हे चढली होती. प्रोफेसर म्हणाले, तो उंदीर खराब होईल. मी इस्पितळाच्या आवारात, गाडीच्या मागच्या फळीवर, उंदीर सोलला. सोमल चोळला, कापूस भरला, टाके घातले, चार मापे घेतली आणि मागच्या उजव्या पायाला चिठ्ठी बांधली. त्यातही चूक केली नाही. आत माझ्या मित्राला चिठ्ठीशिवाय ठेवून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी फोन केला. पलीकडच्या माणसाने विचारले, तो हिंदी, नाव नसलेला? मग म्हणाला, “खलास. पहाटे.” त्याला तबूकच्याच कब्रस्तानात बेवारस म्हणून पुरले असणार. कुठल्या रांगेत, मला माहीत नाही. इथे कोणाच्याच कबरीवर नाव लिहीत नाहीत. या रिवाजाचा मी मनाला फार आधार दिला.

मादी मिळालीच नाही. प्रोफेसरांनी एका नरावरच वर्णन छापले आणि नाव ठेवले माझे. नसरुद्दिनी. मला वाटते ते गप्प राहण्याचे बक्षीस होते, किंवा त्यांना खरोखरच मी आवडत असेन. मी तो छापील कागद चौकटीत लावला. उमैर शाळेतल्या मुलांना घरी आणून दाखवायचा. गेल्या महिन्यात मी तुर्कीला विचारले, ते नाव काढून दुसरे घालता येईल का. त्याने नियम शोधले आणि सांगितले की नाही. एकदा रीतसर ठेवलेले नाव, अयोग्य ठरले म्हणून बदलत नाही. जगबुडीपर्यंत तो उंदीर माझाच.

आता खुर्शीदचे. हुरूबची बातमी शराफियातून गावाला गेली. ती नेली ताजुद्दीनने. तो वाईट नाही, ऐकले ते सांगतो. त्याच्या ऐकण्यात आले की हुसेनमियाँ यमनकडे पळाला, तिकडे दुसरी केली. गावाने ते धरले. खुर्शीदने धरले नाही. ती हातात हिरवी काकणे भरत राहिली, गळ्यातला सौभाग्याचा लच्छा काढला नाही. बाया म्हणायच्या, कोणासाठी गो भरतेस? या अठरा वर्षांत मी नऊ वेळा रजेवर गेलो. नऊ वेळा ती माझ्या पडवीत आली, उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि विचारले, “काय खबर, नसीरभाय?” नऊ वेळा मी म्हटले, “नाय.” मग ब्लँकेट दिले, खजूर दिले. ती खजूर घ्यायची, ब्लँकेट नाही.

पहिल्या दोन वेळा मला तुरुंगाची भीती होती. पुढे कसली भीती होती ते मला सांगता येत नाही. माणूस एकदा ‘नाय’ म्हणाला की दुसऱ्यांदा सोपे जाते, एवढेच कळते. मी नीच वागलो. हे मृत्युपत्रात लिहायची पद्धत नाही, तरी लिहितो.

म्हणून ताजुद्दीन व्यवस्थापक. ज्या तोंडाने खोटे गेले त्याच तोंडाने खरे जावे.

कलम ६. माझी जनाज्याची नमाज व्हायच्या आधी, रिवाजाप्रमाणे, मयताकडे कोणाचे काही राहिले असेल तर बोला, असे पुकारतात. त्या वेळी ताजुद्दीनने कलम पाच सर्व जमातीपुढे, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावे. लोक चुळबूळ करतील. करू द्या. मला मातीत न्यायची कोणाला घाई नसावी. खुर्शीदने माफ केले का, असे तिला कोणी विचारू नये.

कलम ७. वेसवीत आम्ही कबरीवर दगड लावतो. माझ्या कबरीवर माझे नाव घालू नये. त्यावर लिहावे: हुसेनमियाँ दाऊद तांडेल, वेसवी, वफात १५ मार्च १९९५, तबूक. माझ्या नावाची सोय झालेली आहे, ती उंदराच्या पायाला बांधलेली आहे.

वरील मजकूर मी आज सकाळी साक्षीदारांना वाचून दाखवला. येथे सही व्हायची होती. ती झाली नाही, म्हणून पुढचे जोडतो, आणि तेही या मृत्युपत्राचा भाग समजावे.

ताजुद्दीन कलम पाचच्या मध्यापासून टोपी काढून हातात धरून बसला होता. उमैर म्हणाला, “अब्बा, व्हॉट्स द पॉइंट नाऊ? बंद करो ना.” डॉ. वीणा पेन उघडून बसल्या होत्या, त्यांनी ते टोपणात घातले.

“खलफेकाका, तुमचं तिकीट कधीचं आहे?”

“दोन फेब्रुवारीचं.”

“म्हणजे तुम्ही जाणार, चार महिने त्यांच्या शेजारी राहणार, त्या दारात येऊन विचारणार, तुम्ही दहाव्यांदा ‘नाय’ म्हणणार. आणि मग तुम्ही गेलात की त्यांना कळणार. असंच ना?”

मी म्हटले, असेच.

“यावर मी सही नाही करणार. डोकं ठिकाणावर असलेला माणूस असं करत नाही,” असे म्हणून त्यांनी टेबलावरचा फोन माझ्यापुढे सरकवला.

मी लावला. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. खुर्शीदने सवयीने आधी तेच विचारले. मी कलम पाच वाचले नाही. मला कागद दिसत नव्हता. तोंडीच सांगितले: वारला, फुरशाने, मी हात घालायला लावला, मी नाव सांगितले नाही. तिकडून कोंबड्या ऐकू येत होत्या.

मग ती म्हणाली, “कवा?”

“पंच्याण्णव साली. मार्च पंधरा. पहाटे.”

“मग मी इद्दत कवापास्ना धरू?”

 नवरा गेला की बाईने चार महिने दहा दिवस घरात बसायचे, शोक पाळायचा, ती इद्दत. मी ताजुद्दीनकडे पाहिले. तो जुम्म्याला शराफियात मसले, म्हणजे धर्माचे नियम, सांगतो. त्याचा एवढा मोठा आवाज, पण फोनजवळ तोंड नेऊन तो इतका हळू बोलला की तिला पुन्हा विचारावे लागले.

“भाभी, इद्दत मयत झाली त्या दिसापास्ना असते. खबर कवाबी येवो. ती... ती सरली. त्याच साली सरली.”

“म्हंजे मना बसायचापन नाय?”

“नाय, भाभी.”

आज तिने ‘नाय’ ऐकले ते माझ्याकडून नाही, ताजुद्दीनकडून. तिने फोन ठेवला नाही, कुठेतरी खाली टेकवला. आम्ही चौघे ऐकत होतो. परसातल्या दगडावर एकेक काकण फुटत होते. उमैर उठून खिडकीशी गेला. किती ते मी मोजले नाही. संपल्यावर केरसुणीचा आवाज आला, आणि मग फोन बंद झाला.

तिने माफ केले असे म्हटले नाही, आणि मी विचारले नाही. कलम सहा आणि सात कायम आहेत. तिकीटही कायम आहे. ती या वेळी पडवीत येणार नाही. मी तिच्या उंबऱ्याबाहेर जाऊन उभा राहीन, ती बोलेल ते ऐकून घेईन, आणि ती बोलली नाही तरी ती दार लावून घेईपर्यंत उभा राहीन.

हे सर्व मी वाचले, बरोबर आहे, कोठेही खाडाखोड नाही.

ठिकाण: अल मलाझ, रियाध
तारीख: १७ जानेवारी २०१४, शुक्रवार

लिहून देणार: नसरुद्दीन अहमद खलफे (सही)

साक्षीदार:
१. ताजुद्दीन इस्माईल मुकादम, शराफिया, जेद्दा (सही). माझ्या ऐकण्यात आले होते ते खोटे होते. गावात मी स्वतः सांगेन, जनाज्याची वाट पाहणार नाही.
२. डॉ. वीणा कमलाकर ओगले, रियाध (सही). डोके ठिकाणावर आहे. सकाळी सव्वाअकरा वाजल्यापासून.

धरणारा: हुसेनमियाँ दाऊद तांडेल, वेसवी.